डाळ वाढली

बाजाराच्या दिवशी सकाळी त्या घरात भांडण झालं नाही, तर शेजारणी कुंपणावरून डोकावून विचारायच्या, कोणी आजारी तर नाही ना म्हणून. त्या दिवशी डोकावायची गरज पडली नाही. थोरला दीर पिशव्या झटकत उंबऱ्यावर उभा राहिला आणि आत न बघताच त्यानं विचारलं, काय काय वाढलंय.

आता हे 'वाढलं' काय ते आधी सांगायला हवं. डब्यातला जिन्नस संपला तरी 'संपला' म्हणायचं नाही, असा सासूचा दंडक होता. संपलं म्हटलं की घराची बरकत जाते. म्हणून तेल वाढलं म्हणायचं, मीठ वाढलं म्हणायचं. रिकामा डबा पालथा करून दाखवला तरी चालेल, पण तो शब्द ओठावर यायला नको. धाकटी सून लग्न होऊन आली तेव्हा 'पीठ संपलं' म्हणून बसली होती, तर सासू दिवसभर तिच्याशी बोलली नाही. तेव्हापासून ती शिकली. बाया असंच बोलतात आणि पुरुषांना ते बरोबर कळतं.

थोरल्यालाही इतकी वर्षं कळत होतं. हा थोरला म्हणजे घरचा कारभारी. त्याच्या माघारी गाव त्याला तागडी म्हणायचं, कारण पोराच्या हातावर चार शेंगदाणे ठेवतानाही तो आधी आपला हात खालीवर करून वजन बघायचा. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, ही म्हण त्याच्या घरीच जन्मली असं चहाच्या टपरीवर बोललं जायचं, आणि त्याला त्याचा अभिमानच वाटायचा.

धाकटीनं सांगितलं, डाळ वाढली, तेल वाढलं, गूळ वाढला.

"वाढलं ना?" थोरला म्हणाला. "मग आणायचं कशाला? वाढलंय ते आधी खाऊन घ्या."

धाकटीला वाटलं, गंमत करतोय. ती हसलीसुद्धा. दुपारी तो परतला तेव्हा पिशवीत तांदूळ, मीठ, चहाची पूड आणि मुठीत मावेल एवढी डाळ होती. तेलाची बाटली गेली तशीच रिकामी परत आली होती. मग मात्र तिला हसायला आलं नाही. त्यावरून जे तोंडाला तोंड लागलं, ते गुरं घरी येईपर्यंत चाललं.

पुढच्या बाजाराला तेच, त्याच्या पुढच्याला तेच. थोरल्याचा पोरगा शहरात शिकायला होता आणि त्याला मोटारसायकल हवी होती. आठवड्याचा बाजार निम्म्यावर आणल्याशिवाय ती येणार नव्हती. टपरीवर थोरला ऐटीत सांगायचा, बाजार कमी करायला अक्कल लागते, बायकांच्या तोंडूनच वाढलं म्हणवून घ्यायचं, म्हणजे भांडणच उरत नाही. थोरली जाऊ नवऱ्याची री ओढायची. तिची पोरं मोठी होऊन घराबाहेर पडलेली. भात आणि मीठ मिळालं तरी तिचं भागायचं.

धाकटीची पोरं मात्र लहान. मुलगा शाळेत जायचा आणि चार घरं फिरून पोट भरून यायचा. मुलीचं अंगावरचं दूध नुकतंच सुटलेलं. दवाखान्यातल्या नर्सबाईनं तिला काट्याच्या झोळीत घातलं आणि काटा बघून कपाळाला आठ्या घातल्या. पोरीला घट्ट डाळ-भात द्या, वर चमचाभर तेल सोडा, नाहीतर हातची जाईल, असं ती तोंडावर म्हणाली. घरात सगळं वाढत होतं, पोर तेवढी वाढत नव्हती.

धाकटीनं हे जावेकडून दिराच्या कानावर घातलं. त्याचं उत्तर आलं, की आम्ही काय तूप पिऊन मोठे झालो. तिनं नवऱ्याला फोन लावला. तो मालट्रकवर, महिना महिना घराबाहेर, आणि पगार जसाच्या तसा भावाच्या हातात देणारा. दादा आहे ना, दादा बघेल, एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. मग ती सासूकडे गेली.

"आई, खरंच सांगते, डाळ सं—"

सासूनं हातातला डाव जमिनीवर असा आपटला, की पोरगी झोपेतून दचकून उठली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. धाकटी चुलीपुढे आली आणि मूठभर डाळीत तांब्याभर पाणी ओतलं. पोरगी ते पिवळं पाणी भातावर घेऊन गपगप खायची. ती खाताना धाकटीला दिराचा गळा दाबावासा वाटायचा. असं वाटणं वाईट हे तिला कळत होतं, पण वाटायचं ते वाटायचंच.

गव्हाची मळणी आली. रान तापून भेगाळलेलं, वारा पडलेला, आणि मधेच एका सकाळी डोंगराच्या बाजूनं आभाळ काळं होऊन आलं. मळणीयंत्राची टोळी परगावची. तिची मुकादम एक दांडगी बाई होती. दुपारचं जेवण मालकाचं, ही तिची अट. पोटात अन्न नसेल तर माझी माणसं पेंढीला हात लावत नाहीत, असं तिनं यंत्र खळ्यात लावायच्या आधीच बजावलं होतं.

त्याच सकाळी थोरला घाईनं स्वयंपाकघराच्या दाराशी आला. टोळीला पोटभर घाला म्हणाला, आभाळाचा नेम नाही, टोळी उठून गेली तर सगळा दाणा भिजेल.

"दादा, डाळ वाढलीय," धाकटी म्हणाली. "तेलही वाढलंय."

"मग झालं तर. भरपूर वाढ." आणि तो खळ्याकडे पळाला.

धाकटी दारात उभीच राहिली. तिनं खरं ते सांगितलं होतं. या घरात जसं सांगतात तसंच सांगितलं होतं. पण इतके आठवडे चेष्टा करून करून त्या माणसाचा कानच बदलला होता. धावत जाऊन समजावून सांगावं असं तिच्या मनात आलं. मग झोळीतली पोरगी डोळ्यांपुढे आली आणि ती गेली नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? होता तेवढा भात तिनं शिजवला, डाळीचं रिकामं पातेलं घासून लख्ख केलं, त्यावर झाकण ठेवलं, आणि पोरीला कडेवर, दोन्ही भांडी डोक्यावर घेऊन ती खळ्याची वाट चालू लागली.

खळ्यात भुसा उडत होता. माणसांच्या पापण्यासुद्धा पिवळ्या झाल्या होत्या. सासू राशीपाशी बसून कोंबड्या हाकत होती. यंत्र थांबलं, टोळी हातपाय धुऊन ओळीनं बसली. धाकटीनं भात वाढला आणि पदरानं घाम पुसत बाजूला उभी राहिली.

"डाळ वाढ की," थोरला म्हणाला.

"डाळ वाढली, दादा."

"कुठं वाढली? ताटं कोरडी दिसतायत."

"घरातच वाढली. मागच्या बाजारापासून वाढलीय. तुम्हीच म्हणालात, वाढलंय ते आधी खा." तिनं पातेल्यावरचं झाकण काढलं आणि पातेलं त्याच्यापुढे तिरकं धरलं.

टोळीतली एक बाई फिसकन हसली. मग दुसरी हसली. मुकादमीण हसली नाही. तिनं पातेल्यात बघितलं, धाकटीच्या कडेवरच्या पोरीचे काटक्यांसारखे पाय बघितले, आणि ताट सरकवून उठली. यंत्राचा पट्टा काढा म्हणून तिनं माणसांना सांगितलं. तिकडे आभाळ गुरगुरलं.

थोरल्याचं डोकं फिरलं. "संपली म्हणायला काय जीभ झडली होती तुझी? संपली म्हणायचं सरळ, संपली, संपली."

सासूच्या हातातली काठी तशीच राहिली. ज्या शब्दासाठी तिनं सुनेला दिवसभर अबोल्यात ठेवलं होतं, तो तिच्या कर्त्या मुलानं भरल्या राशीवर तीनदा उच्चारला होता. ती तोंड फिरवून बसली.

मग तागडीला पळावं लागलं. वाणी बिगरबाजाराच्या दिवशी सांगेल तो भाव देऊन त्यानं डाळ आणली, तेल आणलं, गूळ आणला. थोरलीनं झाडाखाली तीन दगड मांडून डाळ रटरट शिजवली. टोळी जेवली, दाणा पडला, आणि पाऊस चार थेंब टाकून दुसऱ्या गावाला निघून गेला. वाचवलेल्या पैशांत मोटारसायकल येणार होती, त्यावरून टपरीवर गावानं पुढं बरेच दिवस तोंडसुख घेतलं.

यंत्र बांधून होत आलं तसा थोरला धाकटीकडे वळला. उद्यापासून तुझी चूल वेगळी, तुझी पोरं आणि तुझा बाजार तू बघ, असं त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं. ती पाया पडेल असा त्याचा हिशेब होता.

"उद्या कशाला?" धाकटी म्हणाली. "रास इथंच आहे. माझ्या वाटणीचं माप टाका."

त्यानं आईकडे बघितलं. म्हातारी त्याच्याकडे न बघताच बोलली.

"टाक माप. चारचौघांत बोललास ना, आता टाक. आणि तिचं शिगेपर्यंत भर."

मुकादमीण यंत्राला टेकून शेवटचं माप पडेपर्यंत उभी राहिली. धाकटीला नीट रागावताही येईना, रडताही येईना. नवऱ्याचा फोन आला तो शिव्या घेऊनच आला. दादाला चारचौघांत उघडं पाडलंस, घर फोडलंस, असं तो म्हणाला. तिनं ऐकून घेतलं आणि सांगितलं, पुढचा पगार माझ्या हातात द्या, नाहीतर घरी येताना आपली डाळ आपण घेऊन या.

दुसऱ्या दिवशी तिनं वाण्याला गहू घातला, डाळ घेतली, तेल घेतलं. गोठ्याच्या कोपऱ्यात विटांची चूल मांडली. डाळ अशी शिजवली, की डाव उभा राहावा. भातावर घातली, वर चमचाभर तेल सोडलं. मुलगा न बोलता जेवला आणि ताट चाटून बाहेर पळाला.

पोरीच्या तोंडात तिनं पहिला घास घातला. पोरीनं तोंड वेडंवाकडं केलं आणि घास थुंकला. दुसरा थुंकला. तिसऱ्याला ती हातपाय झाडून रडायला लागली आणि पाण्याच्या तांब्याकडे बोट दाखवू लागली. तिला तिची डाळ हवी होती.

इतक्या भांडणात धाकटीच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. ते आता आलं. ती भिंतीकडे तोंड करून पोटभर रडली, दिराला, नवऱ्याला, सासूला आणि स्वतःलाही शिव्या दिल्या. मग नाक पुसलं, तांब्या उचलला आणि त्या डाळीत आपल्या हातानं पाणी ओतलं. पोरगी गपगप खायला लागली.

दुसऱ्या दिवशी तिनं पाणी थोडं कमी ओतलं.