मी पाहिलेला डावा डोळा

मित्रांनो, मी एक लॅपटॉप आहे. जुना आहे हे वेगळं सांगायला नको. माझं झाकण उघडताना बिजागरी जो आवाज करते, तो ऐकून कुणीही माझं वय ओळखेल. माझी बॅटरी केव्हाच कामातून गेली. भिंतीतली पिन जरा हलली की मी बोलता बोलता बेशुद्ध पडतो. एक बटण निखळलंय, तिथे उघड्या रबरावर बोट दाबावं लागतं. एवढं सोडलं तर माझी फारशी तक्रार नाही. मी सांगणार आहे ती गोष्ट एका मुलीच्या डाव्या डोळ्याची आहे. तो अधू होत चालला होता आणि ते मी घरातल्या सगळ्यांच्या आधी पाहिलं.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांच्या रांगेसमोरून मी सरकत गेलो. प्रत्येकीने एकेक स्क्रू पिळला आणि मला पुढे ढकललं. एकीनेही माझ्याकडे दुसऱ्यांदा पाहिलं नाही, कारण मागून माझा भाऊ येतच होता. नंतर चार वर्षं मी एका विमा कचेरीत काढली. तिथे माणसं मरण, आग आणि अपघात यांचे अर्ज भरायची आणि चहा प्यायची. तिथूनच मला अलिप्त राहायची सवय लागली असावी. मग कचेरीत नवे लॅपटॉप आले, आम्हा जुन्यांची रवानगी एका दुरुस्तीच्या दुकानात झाली, आणि एका छापखान्यात मशीन चालवणाऱ्या माणसाने मला घरी नेलं.

त्या घरात तिघं जण. छापखान्यातला बाबा, आई आणि त्यांची मुलगी. मुलीला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी ठरत नसे. मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर जागा मिळाली. खालून हवा लागावी म्हणून एक ट्रे पालथा घालून त्यावर मला ठेवलं. मला दिसतं ते पडद्याच्या वर असलेल्या टिकलीएवढ्या कॅमेऱ्यातून. म्हणजे समोर बसलेल्याचा चेहरा, त्याच्या मागचा फ्रीज आणि अर्धी खिडकी. ऐकू मात्र सगळं येतं.

आई पूर्वी एका मोठ्या दुकानात बिलं करायची. भिंगरी झाल्यावर तिने काम सोडलं. बाबा काही कंजूष नव्हता, मागितलं की द्यायचा. पण मागावं लागायचं, आणि आईला खुपायचं ते तेवढंच. एक दिवस शेजारची शिंपीणबाई काज करता करता तिला म्हणाली, "अगं, इंटरनेटवर सर्वे भरायचे. साबण कुठला वापरता, टीव्ही किती वाजता बघता, असलं काहीबाही विचारतात. घरबसल्या चार पैसे सुटतात. माझी नणंद करते."

दुसऱ्या दिवसापासून माझं नवं आयुष्य सुरू झालं. भिंगरी तेव्हा पाच वर्षांची होती.

सर्वेक्षण म्हणजे काय, ते तुम्हाला थोडक्यात सांगतो. आधी चार-पाच प्रश्न येतात. वय, काम, घरात गाडी आहे का, कुत्रा आहे का. त्यांना हवा तसा माणूस नसेल तर पडद्यावर येतं, 'क्षमस्व, आपण या सर्वेक्षणासाठी पात्र नाही.' पात्र ठरलात तर पुढे वीस मिनिटं उत्तरं द्यायची, आणि त्याचे गुण जमले की खरेदीचं कुपन मिळतं. आवळा देऊन कोहळा काढायचा धंदा आहे, पण घरी बसलेल्या माणसाला आवळ्याचंही अप्रूप असतं.

पहिला आठवडाभर आईने खरी उत्तरं दिली. काम? घर सांभाळते. स्वतःचं उत्पन्न? नाही. गाडी? नाही. कुत्रा? नाही. आणि दर खेपेला ते क्षमस्व. दिवसातून दहा-दहा वेळा. माझ्या पडद्याच्या उजेडात तिचा चेहरा पडलेला मी रोज पाहत होतो. एकदा तर ती मला म्हणाली, "म्हणजे मी कशालाच पात्र नाही का रे?" मला वाईट वाटलं. अलिप्त असलो तरी मी दगड नाही.

मग ती शहाणी झाली. तिने एक गाडी घेतली, अर्थात उत्तरात. मग एक कुत्रा पाळला. मग ती दंतवैद्य झाली, एका कारखान्यात खरेदी-अधिकारी झाली, दोन मुलग्यांची आई झाली. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, पण गुण मात्र खरे जमायला लागले. पहिल्या कुपनातून तिने स्वतःसाठी चपला आणल्या आणि त्या खोक्यातून काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवल्या. बाबा म्हणाला, "छान आहेत. कितीला पडल्या?" ती म्हणाली, "तुम्हाला कशाला हव्यात चौकश्या? माझ्या पैशाच्या आहेत." दोघं हसले. त्या महिन्यात माझं फार कौतुक झालं. मला मऊ फडक्याने पुसलं गेलं आणि बाबा मला 'घरातला दुसरा कमावता' म्हणायला लागला.

दुपारी शाळेतून आल्यावर भिंगरी आईच्या मांडीवर येऊन बसायची. 'पुढे' लिहिलेलं बटण दाबायचं काम तिचं. ती नुकती अक्षरं लावून वाचायला शिकली होती. एक दिवस तिने विचारलं, "आई, आपल्याकडे कुत्रा कुठे आहे?"

"नाहीये गं. पण खरं सांगितलं ना, की हे लोक बाहेर काढतात."

"मग काय सांगायचं?"

"त्यांना काय हवंय ते ओळखायचं आणि तसं सांगायचं."

भिंगरीने मान डोलावली आणि 'पुढे' दाबलं. ही गोष्ट आईच्या लक्षातही राहिली नाही.

याच सुमारास मला काहीतरी दिसायला लागलं. मांडीवर बसलेल्या भिंगरीचा चेहरा आधी माझ्यापासून हातभर लांब असायचा. काही महिन्यांनी तो वीतभर अंतरावर आला. ती मान थोडी डावीकडे वळवून बसायची, म्हणजे उजवा डोळा माझ्या बरोबर समोर यायचा. दमली की डावा डोळा किंचित नाकाकडे सरकायचा. आई तिच्या मागे बसलेली, तिला दिसायचा तो मुलीचा भांग. बाबा छापखान्यातली पाळी करून यायचा तेव्हा मुलगी झोपलेली असायची. हे सगळं समोरून पाहणारा घरात मी एकटा, आणि मला तोंड नाही. आवाज आहे, पण तो दुसऱ्यांनी चालू केला तर. "अगं जरा लांब बस, त्या डब्यात शिरशील," एवढं आई म्हणायची. भिंगरी लांब बसायची आणि दोन मिनिटांत पुन्हा जवळ यायची.

मग शाळेत डोळे तपासायला एक बाई आल्या. त्या दिवशी भिंगरी उड्या मारतच घरी आली. "मी सगळी अक्षरं बरोबर सांगितली," ती म्हणाली. "पुढच्या मुलाला बाहेर काढलं. त्याला परत बोलावलंय. मला नाही काढलं." आईने तिची पाठ थोपटली आणि शाळेच्या कागदावर सही करून टाकली. त्या कागदावर दोन्ही डोळ्यांपुढे बरोबरची खूण होती. खरं सांगायचं तर मीही गोंधळलो. वाटलं, आपल्याच काचेवर डाग पडला असेल.

असेच आणखी पाच महिने गेले.

एका दुपारी चष्मे विकणाऱ्या कुठल्याशा कंपनीचं सर्वेक्षण आलं. गुण भरपूर होते. 'घरात पाच ते आठ वर्षांचं मूल आहे का?' या एका प्रश्नाला आईला थाप मारावी लागली नाही, त्याचा तिला कोण आनंद. पुढे सूचना आली की मुलाला पडद्यापासून चार पावलं मागे उभं करा, एक डोळा झाकायला सांगा आणि अक्षरं वाचून घ्या. आई एकटी असती तर ती सगळ्या प्रश्नांना 'दिसतं' म्हणून मोकळी झाली असती. पण भिंगरी जवळच होती आणि तिला खेळ हवा होता.

ती फ्रीजला पाठ लावून उभी राहिली. डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि पडद्यावरची अक्षरं खणखणीत वाचली. "क, म, ब, ल, र." आईने खूण केली. मग उजवा डोळा झाकला. पडद्यावर दुसरी ओळ आली.

"क, म, ब, ल, र," भिंगरी म्हणाली.

आई हसली. "अगं, ही वेगळी ओळ आहे. नीट बघ."

भिंगरीने पाऊल पुढे टाकलं. मग आणखी एक. मान वळवायला लागली तेव्हा आई म्हणाली, "सरळ बघ. हात काढू नको." ती टेबलापाशी येऊन पोचली. अक्षरं तिच्या मुठीएवढी होती. तिचा डावा डोळा माझ्यापासून वीतभर अंतरावर होता, उघडा आणि कुठेच न टेकणारा. ती पडद्याकडे न बघता आईकडे वळली आणि हळूच म्हणाली, "आई, यांना काय हवंय?"

आईने मुलीचा हात उजव्या डोळ्यावरून काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. मग विचारलं, "शाळेत कसं वाचलंस गं?"

"या डोळ्याने वाचलं तेच त्या डोळ्याला सांगितलं. तिथे ओळ एकच होती." आणि आईचा चेहरा बघून ती घाबरून म्हणाली, "मी काही चुकीचं सांगितलं नाही. त्यांना हवं तेच सांगितलं."

पडद्यावर पुढचा प्रश्न उभा होता. 'आपल्या मुलाला दिसण्यात काही अडचण आहे का?' आईने 'हो' वर बोट ठेवलं. गुणांचा विचार न करता तिने इतक्या दिवसांत दिलेलं ते पहिलं उत्तर असेल. लगेच क्षमस्व आलं. तिने माझं झाकण मिटलं, आणि अंधारात मला तिचं रडणं ऐकू आलं. भिंगरी तिला सारखी सांगत होती की मी आता नीट वाचते.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर आई शिंपीणबाईला सांगत होती, ते मी ऐकलं. डाव्या डोळ्याचा नंबर खूप मोठा आहे. त्याला धूसर दिसतं म्हणून मेंदूने त्याचं ऐकणंच सोडून दिलं. आता चष्मा लावायचा आणि रोज दोन तास चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायची, म्हणजे आळशी डोळ्याला काम करावं लागेल. "सात वर्षांच्या आत आणलंत हे बरं केलंत, म्हणाले. वर्षभर आधी आणलं असतंत तर आणखी बरं झालं असतं, असंही म्हणाले. मी त्यांना काय सांगू? हे वर्षभर ती माझ्या मांडीवरच बसली होती."

शिंपीणबाई म्हणाली, "तू काय देव आहेस का?" पण तेवढ्याने आईचं समाधान झालं नाही.

ते दोन तास भिंगरी माझ्यासमोर बसते. डोळ्यावर पट्टी, त्यावर चष्मा, हातात रंगीत पेन्सिल, आणि माझ्या पडद्यावर आई लावून देते ती अक्षरं. आई आता तिच्या मागे बसत नाही, टेबलाच्या कडेला खुर्ची ओढून बसते. सर्वेक्षणं ती अजून भरते, पण अधूनमधून. एकदा तिने कळवलं की कुत्रा आता नाही. त्यांनी काही दुःख व्यक्त केलं नाही, बाहेर काढलं. गुण फार हळू जमतात. मला पुसायला कुणाला वेळ नाही आणि माझा पंखा धुळीने धापा टाकतो. पण ते चालायचंच.

चार महिन्यांत डाव्या डोळ्याने डॉक्टरांच्या तक्त्यावरच्या दोन ओळी कमावल्या आहेत. पुढे किती येतील ते डॉक्टरांनाही माहीत नाही. पहिले काही दिवस भिंगरी अंदाजाने अक्षरं ठोकून द्यायची आणि मग आईच्या तोंडाकडे बघायची, बरोबर आलं का ते. आई चेहरा कोरा ठेवायला शिकली. ते तिला फार जड गेलं. काल भिंगरीने पेन्सिल खाली ठेवून विचारलं, "आई, शाळेत मी खोटं बोलले का गं?"

"नाही. मी तसं शिकवलं होतं."

"मग आता काय सांगू?"

"जे दिसतं ते."

भिंगरीने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. "काही दिसत नाही," ती म्हणाली. आईने "बरं" म्हणून अक्षर मोठं केलं.

मित्रांनो, माझ्यासारखी यंत्रं विचारतात खूप, पण त्यांना तुमची काळजी नसते. ती तुमच्या घरच्यांना असते आणि तरीही त्यांना सगळं दिसत नाही. म्हणून दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा. कळत नसेल, दुखत असेल, तर तसं म्हणा. मोठ्यांना ते नको असेल तरी म्हणा, आणि त्यांनी ऐकलं नाही तर पुन्हा म्हणा.