पांढऱ्या केसाची गाठ

माँटानातल्या ओढ्यावर नुकताच धरलेला ट्राउट मासा साफ करताना वर्लाला त्याच्या जबड्यात आधीच रुतलेला दुसरा गळ दिसला. गळावर माशांना भुलवायची पिसांची नकली माशी होती, केसाने बांधलेली.

"वहिनी, ही गाठ तर दादाची!" दीर हर्शेल कुजबुजला. "तुझ्या केसानंच बांधायचा ना तो?"

"हो. पण तेव्हा माझे केस काळे होते रे."

तिच्या नवऱ्याला, एमेटला, या ओढ्यात बुडून चौदा वर्षं झाली होती. गाठीतला केस मात्र पांढराशुभ्र होता, आणि गळाला गंजाचा ठिपकाही नव्हता.

"हा मासा नको खाऊस," हर्शेल म्हणाला.

वर्लाने तो मक्याच्या पिठात घोळवून लोण्यात खरपूस तळला.

"इतक्या वर्षांनी काहीतरी पाठवलंय त्यानं. नाही कशी म्हणू?"

तिने एकटीने काट्यापर्यंत सगळा संपवला.