शाळेच्या कॅनमधलं दूध

दही नीट लागलं की वाटी कलती केली तरी ते जागचं हलत नाही, फार तर कडेला एक बारीक चीर पडते. घरच्या थोरल्या सुनेनं, थोरलीनं, वाटी कलती केली आणि दूध पाण्यासारखं वाहिलं. विरजण ताजं होतं, फडताळ उबदार होतं. गाईच्या सडाला सूज आली म्हणून गुरांच्या डॉक्टरनं सुई दिली होती आणि औषध अंगातून जाईपर्यंत दूध वेगळं काढून टाकायला सांगितलं होतं. एव्हाना औषध उतरलं असेल, असं मनाशी म्हणत तिनं वाटीभर विरजायला ठेवलं होतं. ते उतरलं नव्हतं, त्यानंच विरजण मारलं होतं. बाकीचं आदल्या सकाळीच शाळेच्या कॅनमध्ये ओतलं होतं.

आठवड्यातून एकदा घराघरातलं दूध शाळेच्या ओसरीवरच्या कॅनमध्ये जायचं. डेअरीच्या पैशातून वरच्या वर्गातल्या मुलांना परीक्षेसाठी शहरात न्यायला गाडी करायची होती. कल्पना थोरलीचीच. "सगळ्यांसमोर ओतायचं," दारोदार तिनंच सांगितलं होतं, "म्हणजे कुणी मागं राहणार नाही." मग ती स्वतः रिकामी चरवी घेऊन कशी जाणार होती?

दुपारी डेअरीनं कॅन परत पाठवला. दुधात काहीतरी आहे. पुन्हा असं झालं तर शाळेचं दूध बंद.

"काहीतरी म्हणजे सोडा," शिंपीणकाकू ओसरीवर म्हणाली. "ही गवंडीण भांडी सोड्यानं घासते. मी पाहिलंय."

"घासते आणि धुतेही!" गवंडीण म्हणाली. "तुमच्यासारखी नुसती पुसत नाही."

"बघा गं बाई! दूध पावशेर आणि आवाज चरवीभर."

बायका हसल्या. थोरलीही हसली, आणि त्या हसण्याची तिची तिलाच किळस आली.

"आता बोलून दूध परत येणारे का?" तिनं सगळं सांगितल्यावर नवरा घरी म्हणाला. "गप्प राहा. विसरतील लोक."

लोक विसरले नाहीत. पुढच्या खेपेला गवंडीण पायरी चढली तसं कुणीतरी कॅनवर झाकण ठेवलं. ती चरवी छातीशी धरून आल्या वाटेनं परत गेली. थोरली रोज वैरण टाकताना वाक्य जुळवायची. नळावर गवंडीण समोर आली की घागर उचलून चालू लागायची.

शेवटी शाळेच्या बाईंनी सगळ्यांना बोलावलं.

"गवंडीणबाईंची मुलगी गाडीत बसणार नाही म्हणते. परीक्षाच देणार नाही म्हणते."

"का देईल?" गवंडीण खांबाशी उभी होती. "आमचं दूध चालत नाही, तर त्या दुधाच्या गाडीत आमची पोर कशी चालेल?"

"राग तर बघा," शिंपीणकाकू पुटपुटली.

"वहिनी, तुम्ही सांगा," गवंडीण थोरलीकडे वळली. "एक लोटा तरी आण, म्हणून तुम्हीच माझ्या दारात आला होतात ना? मी कधी भांडं नासवलेलं पाहिलंत?"

मागून नवरा खोकला. थोरली उठून उभी राहिली. जुळवलेलं एकही वाक्य तिला आठवेना.

"सोडा नव्हता," ती म्हणाली. "माझ्या गाईला सुई दिली होती. डॉक्टर नको म्हणाले होते, तरी ते दूध मी ओतलं."