सुईणीची खुर्ची आणि एक जास्तीची ओळ

वेताच्या खुर्च्या विणणाऱ्या दोन जावांसमोर वेबसाइटवाली बाई लॅपटॉप उघडून बसली होती.

"साइट मी बांधून देईन. पुढे फोटो आणि मजकूर तुम्हीच टाकायचा. त्यासाठी दोन व्यवस्था आहेत. एक सोपी, फोटो काढा, खाली लिहा, बटण दाबा. पण दिसायला साधी. दुसरी देखणी, पण तिला डोकं लावावं लागेल."

थोरली पन्नाशीनंतर लिहायला शिकलेली. अजूनही ओळीखाली बोट ठेवून वाचायची. ती धाकटीला म्हणाली, "निवड तू कर गं. पण खुर्च्यांबद्दल लिहिणार मी. एवढी अक्षरं गिरवली ती काय नुसती सही ठोकायला?"

धाकटीने देखणी निवडली. "आपली वीण उठून दिसते," असे कारण दिले. खरे कारण वेगळे होते. गिऱ्हाइकांशी बोलायला कायम थोरली पुढे, आणि धाकटी मागे वेताशी झटत. ही एक किल्ली तरी आपल्या हाती असावी, असे तिला वाटले.

थोरलीने त्यात मजकूर टाकायचा दोन-तीनदा प्रयत्न केला. "नुसती दारात दारं. घर कुठेच नाही," म्हणत तिने चष्मा काढून ठेवला. मग ती सांगू लागली आणि धाकटी टाइप करू लागली.

एका सुईणीची खुर्ची दुरुस्तीला आली. वेत भिजवता भिजवता थोरली म्हणाली, "लिही, ह्या खुर्चीचा उजवा हात जास्त झिजलाय. बाळाची वाट बघताना सुईणबाई तोच घट्ट धरून बसायच्या."

धाकटीने लिहिले, 'जुनी खुर्ची, नवी वीण.'

संध्याकाळी थोरलीने बोट फिरवत ते वाचले. ओळ संपली तरी बोट तिथेच राहिले.

"संपलं?"

"लोक फार वाचत नाहीत, वहिनी."

"असं होय. मला वाटलं, मलाच पुढचं वाचता येईना."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीने वेबसाइटवालीला फोन करून सोपी व्यवस्था मागितली. थोरलीला मात्र सांगितले, की आधीची बिघडली. खरे बोलायला जीभ रेटली नाही.

नव्या व्यवस्थेत पहिला मजकूर टाकायला थोरलीला अख्खी सकाळ लागली. भिजवलेला वेत वाळून गेला, पण धाकटी मध्ये बोलली नाही. साइटवर सुईण आली, झिजलेला हात आला. खाली एक जास्तीची ओळही आली: 'मला लिहिता यावे म्हणून ही व्यवस्था माझ्या जावेने निवडली.'

धाकटीने ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

"वहिनी, शेवटची ओळ काढा ना."

"का गं? चुकलंय काही?"

"चुकलंय. तुमचं नाही, माझं." ती शेजारी स्टुलावर बसली. "सांगते."

थोरलीने हात पुसले. "सांग. पण पुरतं सांग. त्या खुर्चीच्या मजकुरासारखं कापू नकोस."