अडलेला घास

सफूराच्या अब्बांचं दुखणं घशापासूनच सुरू झालं होतं. हर्णैच्या घरी आधी भाकरी उतरेनाशी झाली, मग भात, मग पेज. शेवटी चमच्याने घातलेलं पाणीसुद्धा ओठांच्या कडेने परत यायचं. कॅन्सर आहे हे कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. म्हणून जेद्दात, बलद या जुन्या वस्तीतल्या भाड्याच्या घरात, एका दुपारी कालवण-भाताचा घास छातीच्या मधोमध अडून बसला, तेव्हा सफूराने कुणाला हाक मारली नाही. ती उभी राहिली, दोन्ही हात वर ताणले, कोमट पाणी प्यायली आणि घास खाली सरकल्यावर उरलेला भात झाकून ठेवला.

मग ते रोजचंच झालं. नवऱ्याला आणि मुलीला वाढून ती मागाहून ओट्याशी उभ्यानेच खायची. आडवं पडलं की दुपारचं अन्न जसंच्या तसं तोंडात यायचं, ठसका लागून जीव घाबरा व्हायचा. कपडे सैल होत चालले. बारावीतल्या रुमानाने एकदा विचारलं, "अम्मी, आर यू डायटिंग?" सफूरा हो म्हणाली.

नवऱ्याला, ताजुद्दीनला सांगावं तर तोच खचलेला. चष्म्याच्या दुकानात त्याची उमर गेली होती आणि आता त्या कामावर सौदीच हवेत असा हुकूम निघाला होता. कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा होता तो मालक, भला माणूस, पण त्याच्याही हातात काही नव्हतं. रुमानाची परीक्षा होईपर्यंत मागच्या खोलीत भिंगं घास, इथल्या एका पोराला काम शिकव, मग खलास, असं त्याने सांगितलं. नोकरी गेली की इकामा, इथे राहायचा परवाना, जाणार, आणि इकाम्याबरोबर इस्पितळाचा विमाही. अशा वेळी आपलं दुखणं कुठे काढायचं, असं म्हणून सफूरा गप्प राहिली. खरं तर तिला कॅन्सर हे नाव ऐकायचं नव्हतं.

एका सकाळी पाणीच अडलं. नुसतं घोटभर पाणी छातीत थांबलं, मग उलटून श्वासात गेलं. ती खोकत खोकत जमिनीवर बसली, ओठ निळे पडले. ताजुद्दीनने तिला सावरलं. श्वास परत आल्यावर ती पहिलं वाक्य बोलली ते हेच, की अब्बांना झालं तेच मला झालंय.

इस्पितळात त्यांचा जुना इजिप्शियन डॉक्टर नव्हता. तो मायदेशी परतला होता आणि त्याच्या खुर्चीत एक तरुण सौदी बाई बसली होती, डॉक्टर अरवा. ताजुद्दीनचा चेहरा उतरला. मुंबईला जाऊ, तो हळूच म्हणाला, ही कालची पोर आहे. पण सफूराला आता दारापर्यंत चालवत नव्हतं.

अरवाने दुर्बीण घालून आत पाहिलं, फोटो काढले, अन्ननलिकेचा दाब मोजला. मग एकच गोष्ट तिने पुन्हा पुन्हा विचारली. पाणी कधीपासून अडतं? सफूराने आठवून सांगितलं की भाताबरोबरच, अगदी सुरुवातीपासून, पण तिने त्याकडे पाहायचंच टाळलं होतं. अरवाने मान हलवली. ताजुद्दीनने अरबीतलं मराठीत आणलं. आत गाठ नव्हती; गाठ असती तर आधी घट्ट अन्न अडलं असतं, पाणी शेवटी. अन्ननलिकेच्या तळाचा स्नायू सैल व्हायचं विसरला होता. पोटाचं दार बंद आणि वर सगळं तुंबलेलं.

सफूराला विश्वास बसेना. अब्बांनाही आधी असंच काहीबाही सांगितलं होतं.

यावर नवा उपाय होता. पोट न उघडता तोंडातूनच दुर्बीण घालायची, नळीच्या आतल्या अस्तराला छोटी चीर द्यायची, अस्तर आणि स्नायू यांच्यामधून बोगदा करत खाली जायचं, आवळलेला स्नायू कापायचा आणि येताना चीर चिमट्यांनी बंद करायची. अरवा हे जपानात शिकून आली होती. सफूराने विचारलं, यात बिघडू काय शकतं? अरवा बराच वेळ बोलली. ताजुद्दीन म्हणाला, "काही नाही. सगळं ठीक होईल म्हणते."

"एवढं लांब बोलली ती, आणि तुम्ही एवढंच सांगता?"

मग त्याने एकेक सांगितलं. नळीला भोक पडू शकतं. रक्त जाऊ शकतं. वायू छातीत, कातडीखाली शिरू शकतो. तसं झालंच तर सर्जन तयार असेल. सफूराने मान डोलावली. एकट्याने भिण्याचा तिला कंटाळा आला होता.

ऑपरेशनच्या टेबलावर, तोंडावर मास्क येताना, आपण कलमा अर्धाच म्हटला असं तिला वाटलं आणि पुढचं सगळं विझलं.

जाग आली तेव्हा डोळे उघडेनात. चेहरा दुसऱ्याच कुणाचा असावा तसा जड झाला होता. तिने गळ्याला हात लावला. गळा फुगलेला होता आणि बोटांखाली कातडी चुरचुर वाजत होती, कुरमुऱ्यांची पिशवी दाबावी तशी. पोट नगाऱ्यासारखं ताठ. ताजुद्दीन उशाशी उभा होता, पांढराफटक, आणि तिच्याकडे न बघता दुवा पुटपुटत होता. संपलं, तिला वाटलं. ओरडायला गेली तर आवाज घोगरा निघाला.

अरवा आली. तिने गळा चाचपला, पोटावर हात ठेवला, मॉनिटरकडे पाहिलं. मग पोटात एक बारीक सुई घातली. सुस्कारा सोडल्यासारखा वारा बाहेर आला आणि श्वास मोकळा झाला. ऑपरेशनच्या वेळी आत सोडलेला वायू कातडीखाली शिरला होता, तो अंगातच जिरेल, असं तिने ताजुद्दीनला सांगितलं. तरी उद्याचा एक्स-रे होईपर्यंत तोंडात थेंबही नको. रात्रभर सफूरा जागी होती. बोटं पुन्हा पुन्हा गळ्याकडे जात आणि ती चुरचुर ऐकून मागे येत.

दुसऱ्या दिवशी एक्स-रेच्या यंत्रापुढे उभं करून तिला औषधी पाणी प्यायला दिलं. पेला ओठांशी नेऊन ती थांबली. गिळायचं कसं तेच आठवेना. मग डोळे मिटून तिने घोट घेतला. छातीत काहीच झालं नाही. पडद्यावर एक काळी रेघ सरळ खाली गेली, कुठे थांबली नाही, कुठून गळली नाही. काचेपलीकडे अरवा खुर्चीत मागे रेलली. तिचाही श्वास आत्ता सुटला हे सफूराला दिसलं.

सूज उतरायला वेळ लागला. दोघं पुन्हा दाखवायला गेली तेव्हा अरवाने ॲसिडच्या गोळ्या लिहून दिल्या आणि सहा महिन्यांनी या म्हणाली. ताजुद्दीनने सांगितलं की दुकानात आता सौदीच हवेत, तोवर आम्ही इथे नसू. अरवाने पेन खाली ठेवून विचारलं, तुमच्या जागी कोण आलंय?

"इथलाच पोरगा आहे," ताजुद्दीन म्हणाला. "हात चांगला आहे त्याचा. शिकेल."

बाहेर पडल्यावर इस्पितळाच्या कँटीनमध्ये त्याने गरम खुब्ज, म्हणजे अरबी भाकरी, आणि डाळ घेतली. कोकणात जाऊन करायचं काय, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. सफूराने भाकरीचा लहानसा तुकडा चावला, गिळला आणि सवयीने छातीवर हात ठेवून वाट पाहिली. तुकडा गेला. तिची भीती मात्र तिथेच होती, हाताखाली. ताजुद्दीन आपलं ताट विसरून तिच्याकडे बघत होता.

"बघता काय," ती म्हणाली, "जेवा." आणि तिने दुसरा तुकडा मोडला.