मंजुळेची दशमी

दामाजी कोळ्याची बायको मंजुळा काशीला जाऊन वारली, तेव्हा कल्याणच्या कोळीवाड्याने त्याला भाग्यवान ठरवलं. दामाजीला ते भाग्य नको होतं, मंजुळा हवी होती. ती काही मिळणार नव्हती. निदान वर्षश्राद्धाला तिला पोटभर जेवू घालावं, एवढीच त्याची इच्छा उरली होती. भात, कोलंबीचं कालवण आणि तळलेले बोंबील. त्याच्या घरात पितरांच्या पानावर माणसाला आवडायचं तेच वाढत.

रघुभटांनी पंचांग उघडलं आणि घोळ झाला. मंजुळेबरोबर गेलेली शेजारची बायजा सांगत होती की तिकडे सूर्याची कोर वर आली आणि हिने मान टाकली. भटजी म्हणाले, त्या दिवशी दशमी सूर्योदयाच्या घटकाभर आधीच संपली होती. म्हणजे तिथी एकादशी. मासळी नाही, भातसुद्धा नाही. वरई आणि रताळं. दरवर्षी.

मंजुळेने जन्मात एक उपास धड केला नव्हता. देवाला राग आला तर येऊ दे, तो काही जाळी ओढायला येत नाही, असं ती म्हणायची. तिला मेल्यावर वरई घालायची म्हणजे सूडच झाला.

दामाजीने हे रडगाणं स्टेशनातल्या तारमास्तर गुप्त्यांना सांगितलं. गुप्ते त्याच्याकडून पापलेटं घेत. ते म्हणाले, पृथ्वी नारळासारखी गोल आहे, त्यामुळे काशीला सूर्य आपल्या आधी उगवतो. तिथे तो उगवला तेव्हा इथे चांगली दीड घटका रात्र उरलेली, आणि दशमीही.

रघुभटांना हे पटेना. पृथ्वी ताटासारखी सपाट, मधोमध मेरू पर्वत. सूर्य एकच, तो वर आला की सगळ्या ताटाला एकदम दिसणार.

"भटजीबाबा, पृथ्वी ताट असू दे नायतर नारळ," दामाजी म्हणाला. "मना तिच्या पानावर काय वाढायचं ते सांगा."

शेवटी खात्रीच करायची ठरली. संध्याकाळी भटजी स्टेशनात आले. बाकाला शिवावं लागू नये म्हणून स्वतःचा पंचा अंथरून बसले. गुप्त्यांनी काशीजवळच्या मोगलसराईला तार करून विचारलं, तिकडे सूर्य दिसतो का. उत्तर आलं तेव्हा खाडीवर सूर्य अजून वीतभर वर होता. उत्तर होतं: बुडाला, दिवे लावले.

भटजींनी सूर्याकडे असं पाहिलं, की जणू तो दक्षिणा घेऊन पळाला होता. मग म्हणाले, "तिथे पश्चिमेला डोंगर असेल. त्याच्यामागे गेला."

गुप्ते वैतागले. दामाजी मात्र विचार करत राहिला.

"डोंगर हाय तर संध्याकाळ लवकर होईल," तो म्हणाला. "पण सकाळी तरी सूर्य तुमच्या ताटावर एकदमच येईल ना?"

"येणारच."

"मग सकाळी विचारू."

दुसऱ्या दिवशी तिघे पुन्हा जमले. पूर्वेला नुसतं पांढुरकं झालं होतं, फलाटावरचा कंदील जळत होता. तार गेली. उत्तर आलं, सूर्य वर आहे, ऊन पडलं आहे. आपला सूर्य अजून कुठे दिसत नव्हता. भटजी फलाटाच्या टोकापर्यंत जाऊन बघून आले.

"एकच सूर्य," दामाजी म्हणाला. "तिकडे आधी येतो नि आधी जातो. डोंगर कुठं ठेवायचा, सांगा."

भटजींनी बाकावरचा पंचा उचलला. मग तो झटकत म्हणाले, "पृथ्वी गोल आहे असं मी म्हटलेलं नाही. काशीकडे ती जरा उतरती आहे. तुझी दशमी घे. आणि गावात हे कुणाला बोलू नकोस, नाहीतर प्रत्येक जण आपला मेलेला घेऊन तारेशी उभा राहील."

वर्षश्राद्ध दशमीला झालं. दामाजीने पान वाढून अंगणात ठेवलं आणि बाजूला बसला. कावळा आला. त्याने भाताकडे पाहिलंसुद्धा नाही, थेट बोंबील उचलला. बायजा तोंडाला पदर लावून हसली.

"सावकाश खा गं," दामाजी म्हणाला. "आज उपास नाय."