परत आलेलं रानचहाचं पोतं

माणसाने चहा परत पाठवावा, पण दोन शब्द बोलून तरी पाठवावा. धाकट्या जावेने तेवढंही केलं नाही. पोत्याचं तोंड शिवलं, भाजीच्या टेम्पोत टाकलं आणि बया मोकळी झाली. चिठ्ठी नाही की चपाटी नाही. टेम्पोवालाच जाता जाता म्हणाला, "गिऱ्हाईक कडू म्हणतं म्हणे."

म्हणे! थोरलीच्या हातचा चहा कडू म्हणायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती.

"नाचता येईना अंगण वाकडं," ती टेम्पोवाल्यालाच म्हणाली. "उकळला असेल तिने. पातेल्यात घालून डाळीसारखा रटरटा उकळला असेल."

पण नुसतं चिडून भागणार नव्हतं. टेकडीवरची चहाची झाडं तिच्या एकटीची नव्हती, अर्धी दिराची, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याची होती. ती कुणी लावली नव्हती, कुणी छाटली नव्हती. आपल्या मनाने वाढून ती घराच्या छपराहून उंच गेली होती आणि पानं तोडायची तर शिडी लावावी लागे. दीर सुतार माणूस. त्याला उभ्या झाडात फळ्या दिसायच्या. त्याने सांगूनच ठेवलं होतं, यंदा धाकटीच्या शहरातल्या दुकानात चहा खपला नाही तर झाडं पाडून तिथे लाकडाची वखार घालायची. पोतं परत आलं म्हणजे पाठोपाठ कुऱ्हाड आलीच.

थोरलीने शिवण उसवली आणि मूठभर पानं हातावर घेतली. माळ्यावर पसरून मलूल केलेली, हाताने चोळून वळलेली, ओल्या फडक्याखाली झाकून काळी पडू दिलेली. फडक्याखालून आधी कापलेल्या गवताचा वास येतो, मग पिकल्या फळाचा. फळाचा आला की तडक कढई तापवायची, नाहीतर सगळं मुसळ केरात. ती वेळ तिने आजवर चुकवली नव्हती. एक पान तिने दाताखाली धरलं. पान चोख होतं. मग चुकलं कोण, ते सांगायला ज्योतिषी नको होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने पोत्यासकट ती दुकानात हजर झाली. एका उंच इमारतीच्या तळाशी, जिन्याला लागून असलेली ती चिंचोळी खोली. समोर चार टेबलं, मागच्या बाजूला दिराचं सुतारकाम. दाराजवळच्या टेबलावर शेजारचा घड्याळवाला पेपर वाचत बसला होता.

"अगंबाई, जाऊबाई! कळवलं असतंत तर..."

"तू कळवलं होतंस?"

धाकटीने मान खाली घातली. मागे रंध्याचा आवाज जरा जोरात व्हायला लागला.

"चहा कर," थोरली म्हणाली. "रोज करतेस तस्साच. मी बघते." आणि विजेचं मीटर तपासायला आलेल्या माणसासारखी ती स्टुलावर बसली.

धाकटीने नळ जरा वाहू देऊन ताजं पाणी भरलं. खळखळून उकळी फुटू दिली. किटली गरम पाण्याने विसळून घेतली. रानचहाची पानं मोठी, म्हणून चिमटीने न घेता मुठीने घातली. गॅस बंद करून वरून पाणी ओतलं, झाकण लावलं. थोरली टपून बसली होती, पण बोट ठेवायला जागा सापडेना, तसतशी ती जास्तच चिडत गेली.

तेवढ्यात धाकटीने कोपऱ्यातली केरसुणी उचलली.

"कुठे निघालीस?"

"जिना झाडायला."

"पाहुणी दारात आणि तुला झाडलोट सुचतेय?"

"तुम्हीच सांगितलंत ना! जिना झाडून होईपर्यंत झाकण उघडायचं नाही."

खरंच होतं ते. थोरलीच्या घरी चहा असाच मोजायचे. किटली झाकायची, माळ्याच्या सात-आठ लाकडी पायऱ्यांवरून केरसुणी फिरवायची, खाली यायचं आणि ओतायचं. तिच्या सासूनेही असाच मोजला आणि तिनेही.

धाकटी गेली. केरसुणीचा आवाज वर चढत गेला. कुणीतरी तिला थांबवून पाण्याच्या टाकीबद्दल गाऱ्हाणं सांगितलं. कुणाचं तरी पायपुसणं झटकलं गेलं. मग आवाज आणखी वर गेला. थोरलीने दारातून डोकं काढून पाहिलं, तर जिना आपला वळतोय, वळतोय, संपायचं नाव नाही.

"गच्चीपर्यंत झाडतात त्या," घड्याळवाला म्हणाला. "अशी शेजारीण नशिबाने मिळते. चहाचं तेवढं..." त्याने तोंड वाकडं केलं.

धाकटी घामाघूम होऊन खाली आली आणि तिने चहा ओतला. शाईसारखा काळाकुट्ट! थोरलीने घोट घेतला. जीभ टाळूला चिकटली, पण थुंकेल ती थोरली कसली. तिने तो घोट गिळला.

दीर रंधा ठेवून पुढे आला. "बघा वहिनी. दोष पानातच आहे."

"दोष तुमच्या इमारतीत आहे, भाऊजी! एवढा जिना बांधतं का कुणी?"

घड्याळवाला हसला. "मग माझ्या घड्याळावर मोजू. किती मिनिटं ठेवायचा, बोला."

मिनिटं थोरलीला कुठे ठाऊक होती? पण झाडं पडू देऊन शेवटच्या गाडीने परत जाणारी ती नव्हती.

"दुसरं पाणी ठेव," तिने बाह्या वर सारल्या. "जमेपर्यंत मी इथून हलत नाही."

पहिली किटली तिने घाईने ओतली. पानांनी नुसती आंघोळ केलेलं पाणी निघालं. दुसरी फार थांबली, पुन्हा कडू. तिसरी तर तिलाच सांगता येईना कशी झाली. दीर हाताची घडी घालून बघत उभा होता.

"पुन्हा ठेव."

या वेळी धाकटीने झाकण किंचित उचललं आणि नाक खाली नेलं. "जाऊबाई, आता ओता."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मघाशी ओल्या लाकडाचा वास होता. आता मधासारखा येतोय. अजून थांबलं तर हाही जाईल."

थोरलीने तिच्याकडे एकदा रोखून पाहिलं आणि किटली कलती केली. चहा उतरला तो घासलेल्या तांब्याच्या रंगाचा. तिने घोट घेतला. जिभेच्या शेंड्यावर मध, कडांना जराशी तुरट पकड, आणि गिळल्यावर गोडवा घशातून मागे फिरून वर आला. तिने कप दिराच्या हातात दिला.

दिराने एक घोट घाईत घेतला. दुसरा घ्यायला त्याने वेळ लावला. मग रिकामा कप बायकोपुढे धरला. "अजून घाल."

"झाडांचं काय ते बोला," थोरली म्हणाली.

"राहू द्या झाडं. वखारीला दुसरी जागा बघतो." त्याने डोकं खाजवलं. "शिडी तेवढी नवी करून देतो. जुनीला तुमचा भार सोसायचा नाही."

घड्याळवाल्याने हसू लपवायला आपल्या वाट्याचा कप तोंडाला लावला आणि पोळून घेतलं.

धाकटी लगबगीने पुढे आली. "जाऊबाई, मग नक्की किती वेळ ठेवायचा ते एकदा सांगून जा. म्हणजे मी अगदी तस्सं..."

"गप्प बस," थोरली म्हणाली. "मी सांगितलं आणि तू गच्चीपर्यंत झाडत गेलीस. कडू झालाय हे तुझ्या जिभेला पहिल्याच दिवशी कळलं असणार, तरी झाडतच राहिलीस. सांगितलेलं ऐकतेस, हेच तुझं चुकलं. नाक तुझं माझ्यापेक्षा बरं आहे. हे एकदाच बोलतेय, पुन्हा ऐकायला मिळायचं नाही. या दुकानात झाकण तुझ्या नाकाने उघडायचं. मला विचारायचं नाही. विचारलंस तर मी सांगेन, आणि तू मेली पुन्हा ऐकशील!"